तपकिरीच्या डब्यांतलं बी

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना खोटं बोलता येत नसे. हे मी गुण म्हणून सांगत नाही. एखाद्याला पोहता येत नाही, एखाद्याला उंचावर चढलं की गरगरतं, तसं ते होतं. कोणी काही चुकीचं बोललं की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. ते घटकाभर स्वतःला आवरून धरायचे, धोतराचा सोगा उगाच सारखा करायचे, आणि मग बोलायचेच, "न्हाई. तसं न्हाई ते."

हिंगोलीत हे वाक्य पोराटोरांना पाठ होतं. मी खालच्या वर्गांना मराठी शिकवत असे, म्हणून मास्तर मला गुरुजी म्हणत. आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एकच होती. त्यांचं मूळ गाव कळमनुरीच्या पलीकडचं, घर लहान शेतकऱ्याचं. हैदराबादेला जाऊन बीएस्सी झालेला त्या गावातला तो पहिला माणूस. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शिरड शहापूरच्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण नवऱ्याच्या जिभेनं केलेलं नुकसान निस्तरण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

एकदा कळमनुरीचे एक गृहस्थ मुलीच्या स्थळाची चौकशी करायला मास्तरांकडं आले. मुलगा मास्तरांचाच जुना विद्यार्थी. मास्तर म्हणाले, पोरगं चांगलं आहे, व्यसन नाही, आईबापाला धरून आहे. गृहस्थ खूश झाले. उठता उठता सहज बोलून गेले, "म्हणजे हुशार आहे म्हणा की!"

शीर उठली.

"न्हाई. हुशार न्हाई. मी त्याला दोनदा नापास केलंय. पण मायेचा आहे."

सोयरीक मोडली. मुलाचा बाप पुढं वर्षभर भेटेल त्याच्यापाशी मास्तरांचा उद्धार करत होता, आणि मास्तर मला विचारत होते, "काहून चिडला असंल? मायेचा आहे म्हणालो की मी."

आणखी एकदा तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, बडे साहेब शाळा तपासायला आले. शाळा उर्दूतून चालायची. साहेबांनी पोरांना सांगितलं, देवमासा ही जगातली सगळ्यात मोठी मछली. मास्तर फळ्याशी उभे होते. मी दारातून त्यांना डोळ्यांनी खुणावत होतो. उपयोग झाला नाही. "हुजूर, वो मछली नहीं है," असं त्यांनी भर वर्गात सांगितलं, आणि वर कारणही दिलं. त्यांची बढती त्या देवमाशापायी कित्येक वर्षं अडकून पडली. वहिनी म्हणाल्या, "साहेब मासा म्हनला तर म्हनू द्यायचं होतं. आपल्या कयाधू नदीत थोडाच येनार होता तो!"

आता टारफुल्याचं सांगायला हवं, कारण मास्तरांचं सगळं आयुष्य त्यापाठी गेलं.

टारफुला हे जोंधळ्याच्या वावरात येणारं वीतभर उंचीचं तण. पांढरं, नाजूक फूल येतं त्याला. पण त्याची मुळं जमिनीखाली जोंधळ्याच्या मुळाला जाऊन चिकटतात आणि त्यातला रस ओढून घेतात. वर जोंधळा उभ्या उभ्या पिवळा पडतो. वहिनींच्या माहेरचं निम्मं वावर टारफुल्यानं खाल्लं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलेले मास्तर जावई म्हणून पाटावर बसायच्या ऐवजी दिवसभर त्या वावरात उकिडवे बसून होते. सासऱ्यांना विचारून त्यांना कळलं ते असं, की टारफुल्याचं बी वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतं. पाऊस पडो, नांगर फिरो, उगवत नाही. जोंधळ्याचं मूळ जवळ आलं की मात्र जागं होतं. शेजारी सूर्यफूल लावा, एरंड लावा, हे आपलं जोंधळ्याकडंच जाणार.

"गुरुजी, त्याला अंधारात कळतं कसं?" ते मला विचारायचे. मराठीच्या मास्तरला काय उत्तर असणार? मी म्हणायचो, वास येत असेल.

"असंल," ते गंभीरपणे म्हणायचे. "न्हाई म्हणता येत न्हाई."

त्या दिवसापासून घरातली गाडगी, मडकी, लोटे एकेक करून वहिनींच्या हातून गेले. परसात रांगेनं मांडलेले, एकात जोंधळा आणि टारफुला, दुसऱ्यात नुसता टारफुला, तिसऱ्यात नुसती माती. पाहुणे आले की वहिनी आमच्याकडून घागर मागून न्यायच्या. आणि बी ठेवायला मास्तर गावातल्या म्हाताऱ्यांकडून तपकिरीच्या रिकाम्या डब्या मागून आणायचे. ते बी असतंच तपकिरीसारखं, काळपट भुकटी, फुंकर मारली तर उडून जाईल. सुट्टी लागली की ते गावोगाव फिरायचे, तिथलं बी जमवायचे, डबीवर चिठ्ठी चिकटवून गावाचं नाव घालायचे. टोपण मेणानं बंद. "एक चिमूट सांडली तर एक वावर गेलं," म्हणायचे.

हे सगळं नीट शिकायचं तर विलायतेत जायला हवं, तिथल्या प्रयोगशाळा हव्यात, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्याची तयारी ते आपल्या पद्धतीनं करत. थंडीत पहाटे कयाधूत गुडघाभर पाण्यात उभे राहून मोठ्यानं इंग्रजी वाचायचे. धुणं धुणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कोन्या देवाचं करून राहिले मास्तर?"

"देवाचं न्हाई. विलायतेत थंडी असते, तिची सवय करून राहिलो."

हैदराबाद संस्थान अधूनमधून हुशार तरुणांना सरकारी खर्चानं विलायतेत शिकायला पाठवत असे. मास्तरांनी अर्ज केला, आणि हैदराबादेहून बोलावणं आलं. मुलाखतीला मोठमोठे अंमलदार बसले होते. तासभर सगळं उत्तम चाललं. शेवटी अध्यक्ष हसून म्हणाले, "मग तुम्ही शिकून आलात की हे तण आपल्या मुलखातून जाईल, असं आम्ही धरून चालावं ना?"

एका 'जी हुजूर'चा प्रश्न होता.

"सांगता येत नाही," मास्तर म्हणाले. "कदाचित नाही जाणार. ते उगवतं कसं एवढंच आधी बघायचं आहे."

जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या खेपेला प्रश्न वेगळ्या शब्दांत आला आणि उत्तर तेच गेलं. मग वयाची अट आडवी आली. मग विलायतेत मोठी लढाई सुरू झाली आणि बोटींची वाटच खुंटली. मला वाटलं, मास्तर ह्या नादातून सुटले. पण परसातली मडकी काही हलली नाहीत.

लढाई संपता संपता परभणीच्या सरकारी शेतीफार्मात त्यांना इंग्लंडातल्या एका प्राध्यापकाचा लेख वाचायला मिळाला. विषय टारफुल्याचाच. मास्तर घरी आले ते शीर उठवूनच. त्या लेखातली मुळाची आकृती चुकली होती. त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

मी म्हटलं, "मास्तर, परक्या माणसाला पहिल्याच पत्रात चूक दाखवायची?"

"मग कितव्या पत्रात दाखवायची?"

 पत्र गेलं, सोबत त्यांनी हातानं काढलेली आकृतीही गेली. कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. प्राध्यापकानं लिहिलं होतं, तुमचं बरोबर आहे, आमचंच चुकलं. मग आणखी पत्रं झाली, आणि सत्तेचाळीस सरता सरता त्या विद्यापीठानं मास्तरांना संशोधनाची शिष्यवृत्ती देऊ केली. वयाची अट नव्हती. प्राध्यापकाचं एकच मागणं होतं. जितक्या गावांचं जमेल तितक्या गावांचं बी घेऊन या. सगळं काम त्यावरच उभं राहायचं होतं.

मास्तरांनी ते पत्र वहिनींना मराठीतून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "जा. पन तेवढी मडकी मोकळी करून जा."

मुंबईहून बोटीचं तिकीट आलं ते अठ्ठेचाळीसच्या श्रावणात. आमचा मुलूख तेव्हा अजून मोगलाईत, म्हणजे हैदराबाद संस्थानात होता, पलीकडं वऱ्हाडात नवं राज्य सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, आणि मधल्या सीमेवर सगळा ताण गोळा झाला होता. शाळेत पोरं येत नव्हती. ज्यांना जमलं ती घरं वाशिमकडं निघून गेली होती. हत्यारबंद जथे गावोगाव हिंडत होते. ते कोणाचे, कोणाच्या हुकमानं फिरतात, हे विचारायची सोय नव्हती. आगगाडीच्या वाटेनं जाण्यात धोका होता. राहिली कनेरगाव नाक्याची वाट. बैलगाडीनं नाक्यापर्यंत, नाका ओलांडून वाशिम, तिथून मोटारीनं अकोला, मग मुंबई. त्या नाक्यावर आठवड्यापूर्वीच एका गाडीत काडतुसं सापडली म्हणे. त्या गाडीवानाचं पुढं काय झालं ते कोणी सांगत नव्हतं.

आदल्या दिवशी वहिनी आमच्या दाराशी आल्या. लेकरू कडेवर होतं.

"भाऊजी, तुमी नाक्यापोतर संगं जा. बंदुकीचं मला काई वाटत न्हाई. ह्यांच्या तोंडाचा भरवसा न्हाई."

उजाडता आम्ही निघालो. एक ट्रंक, एक वळकटी, आणि डब्यांचा लाकडी खोका. खोका मास्तरांनी मांडीवर घेतला होता. रस्ताभर मी त्यांना समजावत होतो. विचारलं तरच बोला. विचारतील तेवढंच बोला. ते 'बरं, बरं' म्हणत होते. मला आठवतं, गाडीवान जोरात गाणं म्हणत होता आणि नाका दिसायला लागला तसा गप्प झाला.

नाक्यावर आडवा बांबू, जकातीची चौकी, तिच्या शेजारी चहाचं एक छप्पर, आणि रस्त्याला लागून कमरेइतका आलेला जोंधळा. चौकीत एक म्हातारे नाकेदार होते, पांढरी दाढी, नाकावर घसरणारा चष्मा. बाहेर बाजेवर चार तरुण बसले होते, बंदुका मांडीवर. त्यांच्यातला पुढारी उठून आमच्या गाडीपाशी आला. त्यानं ट्रंक उपसली, कपडे चिखलात टाकले, वळकटी भोसकून पाहिली. मग खोक्याकडं बोट केलं.

नाकेदारांनी खोका उघडला. एकेक डबी उचलून त्यावरचं तपकिरीच्या कंपनीचं छापील चित्र पाहिलं आणि ते हसले.

"इतनी नसवार? विलायत में दुकान डालेंगे क्या मास्तर साब?"

त्यांनी हळूच त्या तरुणाकडं पाहिलं, मग आमच्याकडं. त्यांना काहीतरी कळलं होतं की नुसती माणुसकी होती, कोण जाणे. खोक्याचं झाकण लावत ते मोठ्यानं म्हणाले, "ठीक है. नसवार है. जाने दो."

सुटलो होतो आम्ही. गाडीवानानं कासराही उचलला होता. मी मास्तरांच्या पायावर पाय दाबून धरला आणि त्यांच्या कपाळाकडं पाहिलं.

शीर उठली होती. त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"नहीं नाकेदार साहब," ते म्हणाले. "नसवार नहीं है. बीज है."

तरुणानं वळून पाहिलं. झटक्यात खोक्यातली एक डबी हिसकावली, नखानं मेण काढलं. वाऱ्यानं चिमूटभर काळी भुकटी उडून रस्त्यावर पडली.

"बीज?" तो म्हणाला. "ये बीज है? बारूद है ये!"

बाजेवरचे तिघे उठले. एकानं मला गाडीतून खाली ओढलं. पुढाऱ्यानं डबी असलेला हात मागं नेला, शेजारच्या वावरात भिरकावायला. आणि जन्मात कोणावर हात न उगारलेल्या मास्तरांनी उडी मारून त्याचं मनगट धरलं.

बंदुकीचा दस्ता त्यांच्या हातावर बसला. आवाज मला ऐकू आला. तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

"मारना है तो मारो, वावर में नको फेको! जवारी नहीं होती फिर. बरसोंबरस नहीं होती!"

नळी त्यांच्या छातीला लागली होती.  मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. बोलले ते नाकेदार.

"ठैरो. कैसा बीज, मास्तर साब?"

मास्तरांनी, छातीवर नळी असताना, त्यांना टारफुला समजावून सांगितला. वर्गात सांगत तसाच, मुळापासून. पांढरं फूल म्हणताच नाकेदारांनी चष्मा काढला. "अरे वो! हमारे खेत में भी है कंबख्त." ते तरुणाला म्हणाले, "सच बोल रै. मैं जानता ये चीज."

तरुणाला मात्र माघार घ्यायची नव्हती. तो म्हणाला, बारूद नसेल तर चुलीत टाका, समजेल. एका डबीनं काय होतं? बाकीच्यांत काय आहे कोणी पाहिलंय? सगळ्या टाका.

"सगळ्या?" मास्तर मराठीत म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बसला होता.

"नहीं तो सब खेत में जाते," तरुण म्हणाला. त्याला आता कळलं होतं, ह्या माणसाला कुठं दुखतं ते.

नाकेदार पुटपुटले, खोका माझ्याकडं राहू द्या, मी जपतो. पण चार बंदुकांपुढं ते काय जपणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. मास्तर थोडा वेळ जोंधळ्याकडं बघत उभे राहिले. कोणाचं वावर होतं कोण जाणे. पीक चांगलं आलं होतं.

"जाळतो," ते म्हणाले. "पण मी जाळणार. माझ्या हातानं. तुमी सांडसाल."

चहावाल्यानं घाईघाईनं किटली उतरवली. मास्तर चुलीपुढं बसले. नाकेदारांनी काळजीनं विचारलं, "भडकेगा तो नहीं ना?"

मी मनात म्हटलं, देवा, आता तरी नाही म्हणू दे.

"एकदम डाला तो भडकेगा," मास्तर म्हणाले. "बारीक पूड कोई भी हो, भडकती है. आटा भी भडकता है."

तरुण दोन पावलं मागं सरला आणि त्यानं बंदूक खांद्याला लावली. मास्तरांनी पहिली डबी उघडली. दुखावलेला हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या हातानं चिमूट चिमूट करून ती चुलीत सोडली. थोडं तडतडलं. करपलेल्या तिळासारखा वास सुटला. मग दुसरी. प्रत्येक डबी उघडण्याआधी ते चिठ्ठीवरचं गाव वाचत होते, ओठांतल्या ओठांत. कळमनुरी. औंढा. वसमत.  जोंधळ्यातून वारा जात होता तेवढाच आवाज. शेवटची डबी शिरड शहापूरची होती. ती हातात घेऊन ते थांबले. मला वाटलं, ही लपवतील. धोतराच्या सोग्यात एवढीशी डबी सहज मावली असती, तरुणाचं लक्षही आता उडालं होतं. त्यांनी ती उघडली आणि रिकामी केली.

मग उठून ते रस्त्यावर आले, पहिल्या डबीतली चिमूट जिथं पडली होती तिथं गुडघे टेकून बसले, आणि ओल्या मातीचा वरचा थर नखांनी खरवडून ओंजळीनं चुलीत नेऊन टाकला. एकदा, दोनदा, तीनदा.

तरुण हसायला लागला. बाकीचेही हसले. "पागल है," तो म्हणाला. "जाने दो."

बांबू वर गेला.

पलीकडच्या चौकीत फारसं कोणी विचारलं नाही. नाका मागं पडला तसा मला राग आला.

"एक शब्द, मास्तर! नुसतं व्हय म्हणायचं होतं!"

"तोंडापर्यंत आला होता, गुरुजी," ते म्हणाले. "म्हणवला न्हाई." त्यांचा हात सुजून भाकरीएवढा झाला होता. रिकामा खोका त्यांनी अजून मांडीवरच धरला होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तिथं जाऊन आता दाखवू काय? परत फिरू."

"त्याच नाक्यातून?"

 गाडी चालत राहिली. वाशिम जवळ आलं तशी त्यांनी एकदम मान उचलली आणि गाडीवानाला ओरडले, "थांब! थांब!" रस्त्याकडेच्या वावरात पिवळटलेला जोंधळा होता आणि त्याच्या बुडाशी ठिपक्या ठिपक्यांनी पांढरी फुलं. बी धरायला अजून दोन महिने होते. पण मागल्या सालांचं बी त्या मातीत पडून होतं, हे मला समजायच्या आत मास्तर वळकटीतली उशी काढून तिचा अभ्रा मोकळा करायला लागले होते.

वावराचा धनी कुदळ घेऊन आला. मास्तरांनी त्याला सांगितलं, मला तुमच्या वावरातली टारफुल्याची माती पाहिजे.

त्यानं एकदा मास्तरांकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "टारफुला पायजे? काहून बाप्पा?"

"विलायतेला न्यायचाय."

"न्या ना मंग! सारंच वावर न्या!" तो म्हणाला, आणि हसत हसत त्यानंच कुदळ चालवली. मास्तर अभ्रा धरून उभे. कधीपासून येतो, कोणत्या साली जास्त होता, मध्ये कपाशी लावली होती का, सगळं विचारून घेत होते. त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला होता.

"प्राध्यापकाला चालंल ही?" मी विचारलं. "त्यानं गावोगावचं बी मागितलंय."

"मी त्याला खरं ते लिहीन. एका वावराची माती आहे म्हणून."

"आणि तो नको म्हणाला तर?"

"सांगता येत न्हाई," मास्तर म्हणाले.

अकोल्याच्या मोटारीच्या टपावर ट्रंक गेली. मातीची उशी त्यांनी मांडीवर घेतली. मोटार सुटली तेव्हा खिडकीतून हात हलवायचा राहिला, कारण एक हात सुजला होता आणि दुसऱ्यात उशी होती.

मी परतीला नाका ओलांडला तेव्हा बाज रिकामी होती. नाकेदारांनी मला ओळखलं. "गये मास्तर साब?"

"गये."

"मैं खुद बोल के दिया था, नसवार है करके," ते म्हणाले, आणि मान हलवत राहिले. "क्या आदमी है!" तक्रार होती की आणखी काही, मला ठरवता आलं नाही.

वहिनींना मी सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "हात मोडला न्हाई ना?" मग आत जाऊन परसातली मडकी एकेक करून घासायला बसल्या. रडत होत्या का, ते मी भिंतीपलीकडून ऐकायचं टाळलं.

पुढं महिन्याभरात आमचा मुलूख मोकळा झाला. माणसं परतली, शाळा भरली. मास्तर काही वर्षांनी नावाआधी डॉक्टर लावून परत आले, आणि टारफुल्याला अंधारात कसं कळतं त्यातलं थोडंफार त्यांना समजलं होतं. तो मुलखातून काही गेला नाही. तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

पण मला आठवण येते ती त्यांच्या पहिल्या लांब पत्राच्या दिवसाची. अठ्ठेचाळीसचा हिवाळा सरत आला होता. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या आणि मी उंबऱ्यात बसून वाचत होतो. प्राध्यापकानं माती ठेवून घेतली होती. काचेच्या घरात ऊब करून तिच्यात जोंधळा लावला, आणि वाशिमचा टारफुला इंग्लंडात उगवला होता. मुळांची हकिकत पानंच्या पानं होती. मग लिहिलं होतं: फुलं आली तेव्हा पुष्कळ लोक बघायला आले. प्राध्यापकाची बायको म्हणाली, किती सुंदर आहे हे, मला एक द्या, टेबलावर ठेवते. मी तिला सांगितलं की हे सुंदर नाही, हे तण आहे, आणि दिलं नाही.

वहिनींचा हात थांबला. मग त्या हसायला लागल्या. मास्तर गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली.

"माझ्या बापाचं निम्मं वावर खाल्लं त्यानं," त्या म्हणाल्या. "अन् ती बाई टेबलावर ठिवते!"

मी पत्राची घडी घातली. त्या चुलीकडं बघत होत्या.

"भाऊजी, मी ल्हान होते तवा मी ते येनीत माळायची. पांढरं, नाजूक, लई आवडायचं मला. एकदा बापानं बघितलं, अन् मारलं. लई मारलं. मंग कधी हात लावला न्हाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ह्यांना मी हे सांगितलंच न्हाई कधी."

"लिहू का उत्तरात?"

त्यांनी करपलेली भाकरी बाजूला काढली, नवा गोळा घेतला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "सुंदरच असतंय म्हनावं ते. द्या त्या बाईला एक."